छपरावरून दिसलेली बाग

आयदाने गोधडी गवतावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार कुंड्या ठेवल्या आणि स्वयंपाकघरातली खुर्ची आणून तिच्यावर चढली. तरी नीट दिसेना. गोधडीत तिची स्वतःचीच बाग होती, पाखराला वरून दिसेल तशी. डेलियाचे वाफे, लॅव्हेंडरची रांग, फाटकापर्यंतची वाट, सगळं कापडाच्या बारीक तुकड्यांचं. पण खुर्चीवर चढून पाखराची नजर कुठून येणार? ती टाचा उंचावून उभी राहिली…

"डावा कोपरा रिकामा आहे!"

आवाज आभाळातून आला. निदान तिला तसं वाटलं. मग तिने मान वर केली. घरामागच्या टेकाडावर संत आनाचं चर्च होतं आणि त्याच्या अर्ध्या सोललेल्या छपरावर, कमरेला दोर बांधून, एक माणूस बसला होता. डोक्यावर जुनी फेल्टची हॅट, हातात हातोडा.

"तुम्हाला कुणी विचारलं?" ती ओरडली.

"कुणी नाही. इथून दिसतंय म्हणून सांगितलं. आणि बाई, खुर्चीचा मागचा पाय मातीत रुततोय."

"बाई कुणाला म्हणता?"

पण ती उतरली. घाईने नाही, रुबाबात. ती उतरल्यावर खुर्ची शांतपणे आडवी झाली. वरून हसण्याचा आवाज आला.

त्याचं नाव लोवरो. तो डोंगरापलीकडच्या बोहिनचा. चर्चच्या छपराची कुजलेली लाकडी कौलं काढून लार्चची नवी बसवायला पाद्रीबाबांनी त्याला बोलावलं होतं. जुलैअखेर संत आनाचा सण, त्याच्या आत काम संपवायचं आणि पुढच्या गावाला जायचं. ही सगळी माहिती शेजारच्या मित्सी मावशीने आयदाला न विचारता पुरवली. "लग्न झालेलं नाही," हेही तिने सांगितलं, तेही न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयदाने गोधडी पुन्हा पसरली. उन्हात रंग तपासायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

"वाटेचा रंग चुकलाय!" वरून हाक आली.

"वाट करडीच आहे. मी रोज चालते तिच्यावरून."

"खालून करडी. सकाळी इथून दुधासारखी दिसते."

तिने रागाने करडं कापड उसवलं आणि जुन्या उशीच्या अभ्र्याचा दुधाळ तुकडा लावला. बाग एकदम जागी झाली. तिला आणखी राग आला.

"तुम्ही कौलं बसवता की माझी बाग बघत बसता?"

"एक कौल, एक नजर. पाद्रीबाबांना मंजूर आहे."

दुपारी तो पाणी प्यायला खाली यायचा आणि तिच्या दगडी कुंपणावर बसायचा. ती अंगणात गोधडीवर धावदोरा घालत असायची. अस्तर, कापूस आणि वरचं चित्र, तिन्ही एकत्र धरून ठेवणारे ते बारीक टाके त्याने एकदा बोट न लावता, अगदी जवळून पाहिले. मग खिशातून लार्चच्या ढलप्या काढून त्याने कुंपणावर मांडल्या.

"असं. वरच्या फळीने खालच्या दोघींची फट झाकायची. पाण्याला वाट मिळता कामा नये. आपण दोघं एकाच धंद्यातले. फक्त माझी गोधडी गळली तर पाद्रीबाबा ओरडतात."

"माझी गळली तरी चालते. मित्सी मावशी म्हणते, जी पांघरायची नाही ती गोधडी कसली!"

"मग पांघरायची का नाही?"

"आधी पुरी होऊ दे. दोन वर्षं झाली. त्या कोपऱ्यात काय शिवायचं तेच सुचत नाही."

त्याने मान वळवून तिच्या सज्जाकडे पाहिलं. कठड्यावरून गडद लाल कार्नेशन हातभर लांब लोंबत होती. बाजूला रोझमेरी. तिच्यामागे वासाच्या पानांचं जिरेनियम.

"तिघंही आहेत तुमच्याकडे," तो सहज म्हणाला. फारच सहज.

आयदाचा दोरा गुंतला.

त्या भागात या तिघांचा तुरा बांधून मुलीने मुलाच्या हॅटला खोचला की पुढे बोलायचं फारसं उरत नाही. तुरा मुलाने मागायचा नसतो. द्यायचा की नाही, ते मुलीचं.

"दिला होता एकदा," ती म्हणाली. "एकोणिसाव्या वर्षी. तो मुलगा तुरा बसमध्ये सीटवर विसरून गेला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने भर चौकात, सगळ्यांदेखत मला परत आणून दिला. 'पोरी, तुझं काहीतरी राहिलंय.'"

लोवरो हसला नाही. हसेल असं तिला वाटलं होतं.

"त्यानंतर?"

"त्यानंतर ही फुलं चर्चला जातात. चर्च बसने फिरत नाही."

आता तो हसला. तीही हसली… आणि मग दोघंही उगाच कौलांच्या ढलप्या मोजू लागली.

जुलैच्या सुरुवातीला एका वाऱ्याच्या दुपारी आयदा सज्जात सुकलेली फुलं खुडत होती. एक चांगलं टपोरं कार्नेशन देठातून मोडलं आणि खाली गेलं. ती वाकून पाहीपर्यंत गल्ली रिकामी होती. एक माणूस खांद्यावर फळ्या घेऊन वळणावरून नाहीसा होताना तेवढा दिसला.

संध्याकाळी मित्सी मावशी फाटकात हजर.

"मला आधी सांगायचं तरी, पोरी! अक्रोडाच्या सारणाची गोड पोतित्सा भाजून ठेवली असती."

"कशाला?"

"कशाला म्हणे! साऱ्या खानावळीने बघितलं. हॅटच्या काठात तुझं कार्नेशन. तसलं लाल दुसऱ्या कुणाकडे आहे गावात?"

"मावशी, ते पडलं असेल."

"आमच्या वेळीही असंच पडायचं," मावशी म्हणाली आणि बातमी पुढच्या घरी द्यायला निघाली.

रात्रभर आयदाला तो बसचा ड्रायव्हर आठवत राहिला. सकाळी लोवरो आला तेव्हा त्याच्या हातात खिळ्यांचा डबा होता, डब्यात पाणी आणि पाण्यात ते कार्नेशन.

"तुमचं," त्याने डबा कुंपणावर ठेवला. "खानावळीत दोन ग्लास वाइन फुकट मिळाली. मला वाटलं, छपराचं कौतुक चाललंय. खोलीवर जाऊन हॅट काढली तेव्हा कळलं."

"ठेवायचं होतं की…" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. नेहमीची थट्टा डोळ्यांत नव्हती.

"हे पडलेलं आहे. पडलेलं मी हॅटला लावत नाही."

आणि तो निघून गेला. वर हातोडा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

आयदा डब्याकडे बघत बसली. पुन्हा एकदा फूल परत आलं होतं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, त्याने नको म्हटलं नव्हतं. मागितलंही नव्हतं, ते त्याला करता येणार नव्हतं. कसलं फूल तो लावणार नाही, एवढंच त्याने सांगितलं होतं. म्हणजे आता पाळी तिची. आणि छपराचा उघडा भाग रोज लहान होत होता.

त्यानंतर तिने गोधडी बाहेर आणली नाही.

"बाग आजारी आहे का?" वरून विचारणा झाली.

"काम चालू आहे!"

"माझं संपत आलंय!"

"दिसतंय मला!"

सणाच्या आदल्या दिवशी बायका चर्चचं आवार झाडत होत्या. लोवरो छपराच्या अगदी माथ्यावर होता, हातात शेवटचं कौल. आयदा गोधडी घेऊन अंगणात आली. पसरली. चार कोपऱ्यांवर चार कुंड्या. खुर्ची आणली नाही. फक्त वर पाहिलं.

हातोडा थांबला.

"काय दिसतंय?" ती ओरडली. आवाज ठरवल्यापेक्षा बारीक निघाला.

"डावा कोपरा भरलाय!"

"नीट बघा!"

बायकांचे झाडू थांबले. त्यात मित्सी मावशीचा सगळ्यांत आधी.

"चर्च आहे," तो सावकाश म्हणाला. "कौलं… एकावर एक, मी दाखवली तशी. माथ्यावर माणूस आहे. अंगठ्याएवढा."

"आणि?"

"हॅट आहे त्याला. हॅटवर काहीतरी… तांबडं. हिरवं."

"पडलेलं वाटतंय का?"

वर त्याने डोक्यावरची हॅट मागे सरकवली.

"नाही," तो म्हणाला, आणि हे त्याने ओरडून सांगितलं नाही तरी तिला ऐकू आलं. "शिवलेलं आहे."

"पक्का टाका घातलाय! बसमध्ये विसरायची सोय नाही!"

परांचीवरून तो इतक्या धडपडत उतरला, की सहा आठवडे दोर बांधून जपलेला जीव आता जातो की काय, असं तिला वाटलं. फाटकाशी येऊन तो उभा राहिला, धापा टाकत, हातात अजून ते शेवटचं कौल. आयदाचे दोन्ही हात पाठीमागे होते. रोझमेरीचा वास मात्र लपत नव्हता.

"खाली वाक," ती म्हणाली. "हॅट उंच आहे."

तो वाकला. तुरा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला.

"आता तरी पडलं म्हणू नकोस गं!" टेकाडावरून मित्सी मावशी ओरडली. साऱ्या आवारात हशा पिकला.

"पाखरासारखं बघायचंय?" लोवरोने विचारलं. "चल."

त्याने आपला दोर तिच्या कमरेला बांधला आणि परांचीवर तिच्या एक पायरी खाली राहून तिला वर नेलं. दोन वर्षं जी बाग तिने अंदाजाने शिवली होती, ती पहिल्यांदा तिच्यासमोर आली, डेलिया, लॅव्हेंडर, सज्जातली लाल झालर. आणि मधोमध गवतावर तीच बाग पुन्हा, लहान होऊन. तिने बोटाने फाटकापर्यंतची वाट शोधली.

"वाट करडीच आहे," ती शेवटी म्हणाली.

"आत्ता दुपार आहे. दुधासारखी सकाळी दिसते."

"पण सकाळी तू निघणार. छप्पर झालं ना?"

लोवरोने हातातल्या कौलाकडे पाहिलं. माथ्यावर तेवढ्याच मापाची एक जागा उघडी होती.

"उद्या सण. सणाला हातोडा मारत नाहीत."

"मग परवा?"

"परवा बहुतेक पाऊस आहे," आभाळात एकही ढग नसताना तो म्हणाला, आणि ते कौल त्याने तिच्या ॲप्रनच्या खिशात ठेवून दिलं.