कुडाच्या भिंतीवरचं फूल

मोखाड्याच्या बाजाराला जाणारी जीप माझ्यासमोरून गच्च भरून निघून गेली. जव्हारबाहेरच्या फाट्यावर मी आणि माझं खोकं दोघंच उरलो. खोक्यात मी घडवलेली चिनी मातीची तीस फुलं, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेली. भिंतीवर लावायची, लग्नात भेट द्यायची. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं आणि मला चिडायचासुद्धा कंटाळा आला होता.

तेवढ्यात पाण्याचा टँकर येऊन थांबला.

"मोखाडा?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो. पण सामान फुटणारं आहे."

"टँकर भरलाय. भरलेली गाडी पळत नाय." त्याने दार उघडलं. "फुटलं तरी हळूच फुटंल."

हसायची ताकद नव्हती, तरी हसले.

त्याचं नाव नवसू. सूर्यमाळचा. पावसाळ्यात भात-नागली करायची, उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर पाणी पोचवायचं. पहाटेपासून चार खेपा झाल्या होत्या. डोळे लाल होते. वळणावर गाडी कलली, की तो एक हात माझ्या खोक्यावर ठेवायचा. मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मोखाड्यात उतरताना म्हणाला, "एक फूल द्या. ते चाफ्याचं."

मग हे दर बाजाराला होऊ लागलं. जीप माझ्यासमोरून जाऊ लागल्या आणि मी हात करेनाशी झाले. तो यायचा, मी चढायचे, आणि उतरताना तो एक फूल घ्यायचा. चाफा झाला, पळस झाला, पांगारा झाला. या रस्त्यावरचा झाडून सगळा गाव मला ताई म्हणतो. हा पठ्ठ्या एकदाही म्हणाला नाही. कसलीच हाक न मारता बोलायचा... फार कसरत करून.

"कारवीचं फूल नाय करत तुम्ही?" एकदा त्याने विचारलं.

"सात वर्षांतून एकदा येतं ते. गिऱ्हाईक ओळखणार नाही."

"मी ओळखीन."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कान तापले होते. ऊन होतंच म्हणा.

खरं सांगायचं तर मी थकले होते. आठ वर्षं पाकळी दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडला होता. वीज गेली की भट्टीतला माल वाया. बघायला आलेली मंडळी माझी नखं बघून चहा अर्धा ठेवून उठायची. ठाण्याला भेटवस्तूंच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. साच्यातून निघालेली फुलं नुसती रंगवायची. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मी होकार कळवूनही टाकला होता.

नवसूला सांगितलं, तेव्हा त्याचा गिअर दोनदा चुकला.

"सहा फुलं झाली तुमची," मी उगाच म्हणाले. "कुणाला देता हो?" मनात एक लाजरी, सुंदर मुलगी मी केव्हाच उभी केली होती. तिचा मला मनापासून राग होता.

"कुणाला नाय. भिंतीला."

"मग दाखवा ना भिंत."

त्याने मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाला, "चला."

बाजार उरकून मी त्याच्या शेवटच्या खेपेबरोबर सूर्यमाळला गेले. टँकरभोवती हंड्यांची रांग लागली, आणि त्याची आई मला घरात घेऊन गेली. तिचं नाव भागी. हंडाभर पाण्यासाठी तासभर उभी राहिलेली ती बाई, पण मला पहिला तांब्या तिने दिला.

मी भिंत पाहिली. कारवीच्या काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली. एकही फूल नव्हतं. एका जागी लिंपण मुठीएवढं ढासळलं होतं, आतल्या काठ्या दिसत होत्या.

"खिळा ठोकला होता," भागी म्हणाली. "सांगला त्याला, कुडाला खिळा नाय धरं. आयकलाच नाय. पहिलाच फूल पडला नि फुटला."

बाकीची पाच तिने नागलीच्या टोपलीतून काढून दाखवली, दाण्यांत जपून पुरलेली. चाफ्याचे तुकडेसुद्धा फडक्यात बांधून ठेवले होते.

मी त्यातलं एक फूल उलटं केलं. आठ वर्षं मी प्रत्येक फुलामागे खिळ्यासाठी एक भोक पाडत आले. जव्हारची मी, कुडाच्या भिंती बघत वाढलेली! आणि माझी फुलं फक्त सिमेंटच्या भिंतींची.

परतताना विचारलं, "लावता येत नव्हतं, तर घेत का राहिलात?"

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "नायतर तुमच्याशी बोलायला दर बाजाराला नवीन काय काढणार... मला एवढं बोलता येत नाय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी माती मळायला घेतली. कारवीची जांभळी फुलं केली, सहा. प्रत्येकाला दोन भोकं, शर्टाच्या बटणासारखी. तार ओवायची आणि काठीला बांधायचं, खिळा नको. सुकवली, भाजली, रंग देऊन पुन्हा भाजायला ठेवली. मनाशी ठरवलं होतं, फुलं पाठवून द्यायची आणि आपण निघायचं. पण वीज दोनदा गेली आणि दिवस सरकले. सोमवारी सकाळी ठाण्याची गाडी सुटायच्या वेळी भट्टी अजून गरम होती. घाईने उघडली असती, तर सगळी तडकली असती. मी दारात बसून राहिले. गाडीची वेळ टळली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला शांत वाटलं.

भट्टी निवल्यावर फुलं खोक्यात भरली आणि दुपारी उशिरा सूर्यमाळला पोचले. पावसाआधी भिंत लिंपायची म्हणून भागी माती कालवत होती.

"कशा आलात?" नवसू दारातच थबकला.

"जीपने. तुमच्यापेक्षा लवकर येते ती. जा, बाहेरच्या बाजूला उभे राहा."

मी आतून पहिल्या फुलात ओवलेली तार काठ्यांमधून सरकवली. पलीकडून त्याच्या बोटांनी ती धरली. तो दिसत नव्हता. ढासळलेल्या लिंपणातून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आज सोमवार," भिंतीपलीकडून तो म्हणाला. "तुम्हाला ठाण्याला..."

"हो. आजच हजर व्हायचं होतं."

तार एकदम सैल पडली.

"मग?" पलीकडून आवाज आला.

"मग काय. पाच फुलं बांधायची राहिलीत. आणि तुमचा चाफा पुन्हा करून द्यायचाय." माझा हात फुलावर घट्ट होता. "मी कुठे जात नाही, नवसू. मला इथे, तुमच्याजवळ राहायचंय. दमलेय मी... आता ओढा लवकर, हात दुखतोय."

भागीने मातीचा गोळा हातातच धरून ठेवला होता.

मग तार हळूहळू ताठ झाली, आणि फूल भिंतीला टेकलं.