कशावरून आणि झोपलेली दोन बोटं

"तुला सगळंच येतं, तर मग या ताया-दादांना एवढी डोकेफोड कशाला करायला लावतोस?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींचा, फरहीन आणि ओवीचा. आमच्या लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात शाळांसाठी खुला दिवस ठेवला होता. सभागृह खच्चून भरलेलं, आणि या दोघी कानाशी, "मुक्ते, हिंमत असेल तर विचार. नाही विचारणार तू. पैज!"

मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा ओठातल्या ओठात द्यायचे. बाई मला चक्क गैरहजर लावायच्या! पण यंदा स्नेहसंमेलनात ऐनवेळी सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं आणि मला शोध लागला की माईक चावत नाही. तेव्हापासून माझ्याशी पैज लावणं जरा धोक्याचं झालंय.

तर मी विचारलं. कुणाला? कशावरूनला!

कशावरून म्हणजे या कॉलेजची कृत्रिम बुद्धिमत्ता (शिकवलं की शिकणारा, आपल्याशी बोलणारा संगणक). कागदोपत्री त्याचं नाव 'वैद्यकीय अध्ययन सहायक' आहे, पण ते कोण म्हणणार? मुलांनी काहीही सांगितलं की तो विचारतो, "कशावरून?" म्हणून हे नाव पडलं. व्यासपीठावर तो माठाएवढ्या गोल यंत्रमानवाच्या रूपात बसला होता. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाटीतही (हातात धरायच्या पातळ संगणकात) तोच असतो.

माझा प्रश्न ऐकून सभागृह फिसकन हसलं. कशावरूनचे निळे डोळे दोनदा लुकलुकले.

"फार चांगला प्रश्न," तो म्हणाला. "उत्तर माझ्याकडे आहे. पण मी सांगितलं तर तू गेटपर्यंत जाईस्तोवर विसरशील. स्वतः शोधलंस तर राहील."

"म्हणजे तुला येत नाही!" मी म्हणाले. (माईक हातात होता ना.)

आता मात्र सगळे मोठ्याने हसले. शरीररचनाशास्त्र (शरीराच्या आत काय कुठे असतं याचं शास्त्र) शिकवणाऱ्या डॉ. कुलसुम शेख मॅडम उठल्या. "शनिवारी आमच्या मुलांची तोंडी परीक्षा आहे," त्या मला म्हणाल्या. "प्रश्न विचारलायस, तर उत्तर शोधायला ये. मागच्या बाकावर बसायचं, आणि तिथे माईक मिळणार नाही."

शनिवार म्हटल्यावर मात्र मी माईक खाली ठेवला. कारण ती परीक्षा आमच्या संप्रदाताईची होती.

संप्रदाताई म्हणजे माझी चुलत बहीण. काका-काकू उदगीरला असतात, ताई आमच्याकडे राहून मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शिकते. बारावीला ती तालुक्यात पहिली होती. उदगीरच्या चौकात तिच्या फोटोचा फलक लागला होता! आणि इथे ती तोंडी परीक्षेत पाठोपाठ दोनदा नापास झाली होती. शनिवारची संधी शेवटची. ती गेली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. "या वेळी नाही जमलं, तर मी सोडून देणार बघ, मुक्ते," ती मला म्हणाली होती. रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

घरी आले तर ताई गच्चीवर, सौरपट्ट्यांच्या सावलीत बसलेली. पाठीशी उशी, मांडीवर पुस्तक, समोर पाटी.

"काय करायलीस गं ताई?"

"वाचायलेय. गप बस."

ती रोजच वाचायची. पानं पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रेघांनी इतकी रंगली होती की मूळ छपाई शोधावी लागायची. शिवाय कशावरून तिला अधूनमधून प्रश्न विचारायचा. मी शेजारी बसून बघू लागले.

"कोपराच्या आतल्या बाजूने, अगदी कातडीखालून कोणती तंत्रिका जाते?" पाटी बोलली. तंत्रिका म्हणजे मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी बारीक दोरी. आपण 'नस' म्हणतो ना, तीच.

ताईने अंगठ्याने पुस्तकाचं पान किंचित उचललं, आत डोकावली आणि म्हणाली, "अल्नर."

"बरोबर! हाताच्या तंत्रिका तुम्हाला पक्क्या येतात. आता थेट पुढच्या महिन्यात विचारतो."

मी ताडकन उठले. हाताच्या तंत्रिकांवरच तर ती दोन्ही वेळा अडकली होती!

"कशावरून, ती बघून सांगायलीय!"

"मुक्ते! चुगलखोर!" ताईने मला उशी फेकून मारली. पण उशी पडेपर्यंत तिचा चेहराही पडला होता.

"ताई," कशावरून शांतपणे म्हणाला, "हे खरं असेल तर चूक माझ्याकडेही झाली. तुमचं प्रत्येक उत्तर बरोबर येत होतं. मला वाटलं, तुम्हाला सगळं येतंय. म्हणून मी विचारायचंच कमी केलं."

"चुकलेलं लाल रंगात दिसतं मला," ताई पुटपुटली. "आजपर्यंत माझ्या पेपरावर लाल काही नसायचं. आणि ते शेख मॅडमना दिसलं तर?"

"मॅडमना दिसत नाही. फक्त मला दिसतं, आणि मला ते हवंच असतं. तुम्ही काय विसरलात ते कळलं, तरच पुढे काय विचारायचं ते मला ठरवता येतं. नाहीतर मी आंधळा."

"पण वाचताना मला सगळं येतं रे! पान उघडलं की वाटतं, हे तर पाठ आहे."

आता कशावरूनने माझ्याकडे मोर्चा वळवला. "मुक्ता, तुमच्या शाळेच्या शिपायांना तू ओळखतेस?"

"हो! विठ्ठलमामा."

"त्यांच्या शर्टाला खिसे किती आहेत?"

एक? की दोन? रोज बघते मी त्यांना!

"बघितल्यावर ओळखणं वेगळं आणि समोर नसताना आठवणं वेगळं," तो म्हणाला. "पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं. मग मनाला वाटतं, आपल्याला आलं. पण परीक्षेत पान समोर नसतं, आणि दवाखान्यात तर नसतंच. म्हणून पुस्तक मिटून उत्तर मनातून बाहेर ओढावं लागतं. याला म्हणतात स्मरणसराव. प्रत्येक वेळी ओढलं की ती आठवण आणखी घट्ट होते."

"आणि नाही आलं तर?" ताईने विचारलं.

"तर उत्तमच. आधी धडपडायचं, मग उत्तर बघायचं. असं बघितलेलं उत्तर जास्त टिकतं. मुक्ता, तुला पोहता येतं?"

येतं म्हणजे काय! उदगीरला काकांच्या शेतातल्या विहिरीत शिकले मी. पाठीला प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधून काका विहिरीत ढकलायचे. कॅन असेपर्यंत मी राणी! हात मारले काय, न मारले काय, तरंगणारच. मग काकांनी एक दिवस दोरी सैल केली, काही दिवसांनी मोठा कॅन काढून छोटा बांधला, आणि एकदा कॅनच काढला. नाकातोंडात पाणी गेलं, काकांच्या नावाने बोंब मारली, पण त्याच दिवशी पोहता आलं. हे सगळं मी कशावरूनला हातवारे करून सांगितलं.

"तुझ्या काकांना माझ्या जागी बसवायला हवं," तो म्हणाला. "कॅन लवकर काढला तर बुडशील, काढलाच नाही तर कधीच शिकणार नाहीस. माझं कामही तेच आहे. एखादी गोष्ट तुम्ही विसरायच्या बेतात असता, नेमकी तेव्हा मी विचारतो. आठवली, तर पुढच्या वेळी जास्त दिवसांनी विचारतो. नाही आठवली, तर लवकर. याला सांतर उजळणी (मध्ये अंतर सोडून केलेली उजळणी) म्हणतात. वर्गात कितीही मुलं असली तरी प्रत्येकाचं विसरणं निराळं, म्हणून प्रत्येकाचे प्रश्न निराळे आणि वेळाही निराळ्या."

ताईने पिवळ्या-गुलाबी पानावरून बोट फिरवलं. "म्हणजे मी इतके दिवस कॅन बांधूनच पोहत होते," ती म्हणाली. मग तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. "यावर बस. मी मागितलं तरी देऊ नको."

मी बसले. अख्ख्या आठवड्यात एवढं जबाबदारीचं काम मला कुणी दिलं नव्हतं!

पहिल्या संध्याकाळी ताईची पाटी लालेलाल झाली. ती दात-ओठ खात होती, पण बघत नव्हती. कशावरून एकदाही वैतागला नाही. तेच तो नव्या नव्या तऱ्हेने विचारायचा. कधी हाताचं चित्र काढायला लावायचा, कधी स्वतःच पेशंट होऊन कण्हायचा. एकदा मला म्हणाला, "मुक्ता, कोपर कधी टेबलाच्या कडेवर आपटलंय?"

"आई गं! करंगळीपर्यंत झिणझिण्या!"

"करंगळीपर्यंतच का? अंगठ्याला का नाही?"

तुम्हालाही हा अनुभव असेल. आठवून बघा! आपण म्हणतो 'हाडाला लागलं', पण झिणझिण्या हाडाच्या नसतात. कोपरामागून अल्नर तंत्रिका जाते, ती दबते. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग तिच्या ताब्यात असतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सांभाळते मीडियन. आणि मनगट वर उचलायचा हुकूम पोचवते रेडियल. मी नववीत आहे, आणि हे मी न बघता लिहिलंय. कशावरूनची कृपा!

त्यानंतर आमच्या घरात प्रश्न कधीही टपकू लागले. दात घासताना, बससाठी थांबल्यावर, पोळीचा घास तोंडात असताना.

"अरे, आत्ता सकाळीच तर सांगितलं होतं," ताई कुरकुरायची.

"म्हणूनच. आता विसरायला लागला असाल."

"जेवताना तरी नसा बाहेर काढू नका गं," आई म्हणायची.

गंमत म्हणजे लाल रंग हळूहळू विरळ होत गेला. सगळा नाही गेला. शुक्रवारी ताईने विचारलं, "मी पास होईन का रे?" कशावरून म्हणाला, "ते मला माहीत नाही. पण सोमवारी तुम्हाला जे येत नव्हतं, त्यातलं बरंच आज येतंय. हे मात्र मोजून सांगतोय."

शनिवारी मी मागच्या बाकावर. माईकशिवाय.

समोर खरेखुरे पेशंट बसले होते, टेम्पो चालवणारे व्यंकटकाका. शेख मॅडम कोपऱ्यातल्या माठाएवढ्या कशावरूनला म्हणाल्या, "यांच्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. कोणती तंत्रिका?"

"मिळालेल्या माहितीवरून बहुधा मीडियन. मनगटात ती दबल्याचे पेशंट सर्वात जास्त असतात."

मॅडम ताईकडे वळल्या. "संप्रदा, कशावरून म्हणतोय मीडियन. तुला पटतं?"

ज्याने शिकवलं, त्यालाच चूक म्हणायचं? हो म्हण, हो म्हण, मी मनात ओरडत होते. (बरं झालं माईक नव्हता.)

ताईने मॅडमकडेही बघितलं नाही आणि कशावरूनकडेही नाही. ती व्यंकटकाकांजवळ गेली, त्यांचा हात हातात घेतला.

"काका, नेमकी कोणती बोटं?"

"ही दोन बघा बाई," काकांनी करंगळी आणि शेजारचं बोट दाखवलं. "झोपल्यागत होतात. घास धरतानाही कळंना."

"गाडी चालवताना कोपर कुठे असतं तुमचं?"

"खिडकीवर टेकवलेलं. सवयच हाय ना."

ताई वळली. "मॅडम, मला नाही पटत. मीडियन असती तर अंगठ्याकडची बोटं बधिर झाली असती. यांची करंगळीकडची झालीयेत, आणि कोपर रोज खिडकीच्या कडेवर दाबलं जातंय. मला अल्नर वाटते."

सगळे कोपऱ्याकडे बघू लागले. कशावरूनचे डोळे लुकलुकले. "कोणती बोटं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारायला हवं होतं. ताईंचं बरोबर आहे."

आणि मला उत्तर सापडलं! अगदी लख्ख! कशावरूनकडे जगातली सगळी पुस्तकं आहेत. पण 'नेमकी कोणती बोटं?' हे विचारायचं सुचायला ती तीन तंत्रिकांची ओळ ताईच्या डोक्यात असावी लागते. डोकं रिकामं असेल तर प्रश्न पडत नाही, आणि यंत्र चुकलं तर ते चुकलंय हेही कळत नाही. म्हणून शिकायचं. आणि शिकायला कशावरूनसारखा सोबती असेल, तर मग काय मज्जा!

"ही तंत्रिका पाठीच्या कण्यातून कुठल्या पातळीवर निघते?" मॅडमनी पुढचं विचारलं.

ताई म्हणाली, "मॅडम, नक्की आठवत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा बघून सांगेन."

तालुक्यात पहिली आलेली आमची ताई सगळ्यांसमोर 'आठवत नाही' म्हणाली! मॅडमनी चष्मा काढला. "मागच्या दोन्ही वेळी तू अंदाजे ठोकून दिलं होतंस," त्या म्हणाल्या. "जा, पास आहेस. वार्षिक परीक्षेला बस. आणि हे संध्याकाळपर्यंत बघून ठेव."

बाहेर आल्यावर ताईने मला इतकं घट्ट धरलं की माझ्या तिन्ही तंत्रिका एकदम दबल्या.

घरी आई पेढे आणायला निघाली होती, पप्पा उदगीरला फोन लावत होते. मी म्हटलं, आत्ताच बोलून टाकावं. मी डॉक्टर होईपर्यंत कशावरून किती हुशार झालेला असेल, कोण जाणे! कदाचित पेशंटने न सांगताच तो ओळखेल की बोटं कोणती. तेव्हा मला त्याला आणखी अवघड प्रश्न विचारता यायला हवेत. तयारीला आजपासूनच लागलेलं बरं.

"आई, पप्पा, फोन ठेवा जरा. मी ठरवलंय," मी खुर्चीवर उभी राहून म्हणाले. "मी मेडिकलला जाणार. आणि आजपासून या घरात मला मार्क किती पडले असं कुणी विचारायचं नाही. रोज जेवताना फक्त एवढंच विचारायचं, मुक्ता, आज काय चुकलं?"