गाळलेली ओळ

"माझ्या दिरानं माझी तीन वर्षं पुसून टाकली," निकिता म्हणाली. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

सावेडीतल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत लोक बहुधा लग्नाआधीची चौकशी करून घ्यायला यायचे. मुलगा पितो का, मुलीचं कुठं काही आहे का. प्रणिता देव वीस वर्षं तेच करत होती आणि माणूस या जातीबद्दल तिचं मत काही फार चांगलं उरलं नव्हतं. तिचे मदतनीस सुहासराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले कारकून. सज्जन गृहस्थ. त्यांना सगळं कळायचं, फक्त सगळ्यांच्या नंतर.

निकिता शनिशिंगणापूरची सून. बोलीभाषेवर पीएचडी करत होती. साठ म्हाताऱ्या बायकांचं बोलणं, चारशे तासांचं रेकॉर्डिंग, लॅपटॉपवर साडेतीनशे जीबी.

"दुसरीकडे कॉपी?"

"बाहेरच्या डिस्कवर होती. ती बिघडली, फेकून दिली."

"बरं. रविवारी काय झालं?"

"दहाला मी एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि लॅपटॉप समर्थच्या हातात दिला. त्याला त्यात कसलंसं टूल टाकायचं होतं. त्यानं सव्वादहाला परत दिला. मग मी हातही लावला नाही. बाराला गाइडबरोबर ऑनलाइन मीटिंग होती, तेव्हा उघडला, तर एकही फाइल नाही!"

"पासवर्ड?"

"शिंगणापुरात घराला दार नाही, मॅडम. लॅपटॉपला पासवर्ड कुठला असणार?"

विद्यापीठाला त्रयस्थाचा अहवाल हवा होता. दुसऱ्यानं नासधूस केली असेल तर वर्षाची मुदत, नाहीतर नोंदणी रद्द.

"आणि दीर कुठं आहे?"

"यांनी त्याला चौकात मारलं. सासऱ्यांनी घराबाहेर काढलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या परीक्षेचा फॉर्मही भरू देणार नाहीत म्हणाले. उद्या शेवटची तारीख आहे." वाण्याला यादी सांगावी तसं तिनं हे सांगितलं.

ती गेल्यावर प्रणितानं लॅपटॉप उघडला. नवरे हल्ली लफडी त्यातच लपवतात, म्हणून तिनं हे सगळं शिकून घेतलं होतं. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडताच निळ्या रंगातलं एक चित्र आलं आणि शेजारी ओळी उमटल्या. सुहासरावांनी चष्मा लावून वाचल्या. सिस्टीमचं नाव, किती वेळ चालू आहे, प्रोसेसर, मेमरी, बॅटरी.

"हे करतं काय, बाई?"

"काही करत नाही. यंत्राची माहिती दाखवतं. पोरं हौसेनं टाकतात, रंग बदलतात, मित्रांना फोटो पाठवतात." तिनं आधी दिलेल्या आज्ञा पाहिल्या. "त्या सकाळी तीनच आहेत. सिस्टीमच्या अधिकृत भांडारातून टूल घेतलंय, त्याच्या सेटिंगची फाइल बनवलीय, आणि खिडकी उघडली की ते आपोआप चालावं अशी सोय केलीय. पुसण्याची एकही नाही."

"आज्ञासुद्धा पुसता येत असतील की."

"येतात. पण ही सेटिंगची फाइल शेवटची बदललीय रविवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी. लिहून ठेवा."

मीटिंगमध्ये ही खिडकी उघडी होती का, हे विचारायला तिनं गाइडला फोन लावला. "त्याच काळ्या खिडकीतून ती मला काम दाखवत होती," गाइड म्हणाले. "मी म्हटलं, बनुबाईंचं रेकॉर्डिंग ऐकवा. तेव्हा किंचाळली."

समर्थ सापडला तो नगरच्या मार्केट यार्डात. कांद्याच्या गोण्या वाहत होता. डाव्या कानावर पट्टी होती.

"मी फक्त चित्राचा रंग निळा केला, मॅडम. ओळी आल्या तशाच ठेवल्या. फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला अन् साडेदहाला वडलांबरोबर दुकानात गेलो. दोनला दादा आला तो मारतच." त्यानं गोणी खाली टेकवली. "माझ्याच हातून गेलं असंल का हो? वहिनी उगीच कशाला रडतील?"

त्याचा फोन दादानं दगडावर आपटला होता. मित्राकडून फोटो मिळाला. सुहासरावांनी पुन्हा चष्मा लावला. "सिस्टीम, प्रोसेसर, मेमरी... डिस्क, पाचशे जीबीपैकी अठ्ठावीस भरलेली." त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! म्हणजे सव्वादहालाच सगळं उडालं होतं. पोरानंच केलं की हो!"

"गाडीत बस रे," प्रणिता समर्थला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते शिंगणापुरात पोचले. समर्थला गाडीतच बसवून प्रणिता एकेकाला भेटली.

सासरे काकासाहेब दुकानात तेलाच्या बाटल्या मांडत होते. "व्हय, साडेधापासून दोनपत्तर हितंच हुता माझ्यासंगं. पर त्याच्या आदीच नासवलं की त्यानं!"

थोरला मुलगा गोरक्ष त्या दिवशी नेवाशाला ट्रॅक्टरचा पार्ट आणायला गेला होता. "बायकोच्या डोळ्यांत पाणी बघितलं अन् हात उचलला. पुन्हा उचलीन."

सासू रंगुबाई चुलीपुढं होती. "घरात म्या आन् सूनच हुतो. म्या भाकरी थापत हुते. मला काय ठावं न्हाई."

शेजारच्या बनुबाईच्या नावापुढं निकितानं विद्यापीठाला दिलेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत सात तास होते. "रेकॉर्डिंग?" म्हातारी हसली. "येकदाच आली हुती. धा मिन्टं बोललं आसंल. परत येते म्हनली, दोन वर्सं झाली."

दुपारी प्रणितानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. समर्थ बाहेर उन्हात उभा राहिला. आत ये असं कुणीच म्हणालं नाही.

"सुहासराव, सव्वादहाच्या फोटोत डिस्कची ओळ आहे. मी काल खिडकी उघडली तेव्हा होती का?"

सुहासराव बराच वेळ आठवत राहिले. "नव्हती!"

"अकरा पाचला कुणीतरी ती काढली. समर्थ आणि काकासाहेब दुकानात होते, गोरक्ष नेवाशाला. दर्शनाला आलेला कुणी भाविक आत शिरून एवढी एकच ओळ काढून जाणार नाही. रंगुबाईंना वाचता येत नाही. मग उरलं कोण?"

सगळ्यांच्या माना निकिताकडे वळल्या.

"तुम्ही म्हणता, बारापर्यंत हात लावला नाही. लावला होता. ती ओळ बघितली, पाचशेपैकी अठ्ठावीस. खरोखर साडेतीनशे जीबी उडालं असतं, तर अकरालाच घर डोक्यावर घेतलं असतंत. तुम्ही गुपचूप ओळ काढलीत, कारण बाराला तीच खिडकी गाइडना दिसणार होती. काही उडालंच नाही, निकिताताई. चारशे तास कधी नव्हतेच. सात तासांची बनुबाई दहा मिनिटांची निघाली. गाइडनी नेमकी तीच मागितली आणि तुम्ही अडकलात. मग जवळ जो होता त्याच्यावर ढकललंत."

"चार दिवसांत शांत होईल असं वाटलं होतं," निकिता म्हणाली. आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. "तो लहान आहे. त्याला पुढं संधी आहेत. मला ही एकच होती."

गोरक्ष खाली बघत बसला. काकासाहेबांनी घसा खाकरला. "बाई, झालं ते हितंच ऱ्हाऊ द्या. सुनंचं नाव ग्येलं तर घराचं जातंय. कागदावर पोराचंच नाव लिवा. त्याला आमी बगू सावकाश."

"अहवाल तुमच्या सुनेनंच मागितलाय," प्रणिता म्हणाली. "खरा तोच जाईल. रंगुबाई, घरात तुम्ही दोघीच होतात. अकरा वाजता तुम्ही हिला लॅपटॉपपुढं बघितलं होतं ना?"

रंगुबाईनं पदर तोंडाला लावला.

"आई?" समर्थ पहिल्यांदाच बोलला. "मला चौकात मारत होता तवा तुला ठाऊक होतं?"

"सून निघून ग्येली आसती तर गोरक्षचं घर मोडलं आसतं, बाळा," ती म्हणाली. "तू माझा हायेस. तू सोसशील वाटलं."

मग काकासाहेब म्हणाले, "ये आत. जेव."

समर्थ उंबऱ्यापाशी आला, आईकडे बघत क्षणभर थांबला आणि वळला.

"मॅडम, लगेच निघता येईल का?" तो म्हणाला. "फॉर्मची खिडकी पाचला बंद होते. आणि होस्टेलच्या अर्जात घरचा पत्ता लिहावा लागतो, तिथं तुमचा लिहिला तर चालंल का?"