शेवटची हरिणी

"पुणे लावा. पी.पी. कॉल. पद्मजाबाईच पाहिजेत, दुसरं कुणी नको!"

खिडकीतून डोकावणाऱ्या त्या माणसाकडे मी पाहिलं… आणि पाहतच राहिले. केसांत कापसाचे पुंजके, कपाळावर ग्रीसचा डाग आणि हसू असं, की रागवायचं राहूनच जावं. चुकून तार पाठवायच्या रांगेत उभा होता म्हणे. ती रांग सोडून तो माझ्या खिडकीशी आला आणि माझं सुख संपलं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी अंबिका, आमच्या तालुक्याच्या गावी ट्रंक ऑफिसात ऑपरेटर. पी.पी. म्हणजे ठरावीक माणसाच्या नावाचा कॉल. त्या पद्मजेला मीच नावानं मागायचं, ती येईपर्यंत मीच थांबायचं आणि मग मीच तिला याच्या हवाली करायचं!

"कोण या पद्मजाबाई?" मी विचारलं. हा प्रश्न काही नियमात बसत नव्हता.

"मोटारीच्या शोरूममधल्या. आमच्या मालकाला हरिणी घ्यायचीय. पर शेवटची!"

हरिणी म्हणजे दोन दारांची, बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी मोटार. कंपनी ती बंद करणार अशी आवई उठली होती, पण कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टपरीवर कुणी संक्रांत म्हणे, कुणी मार्च. खिडकीतला तो माणूस म्हणजे लिंबाजी, आणि त्याचे मालक माणिकराव. त्यांच्या पाथरीच्या चुलतभावानं, दिनकररावांनी, वर्षापूर्वीच हरिणी दारात आणून मिशीला पीळ दिला होता. तेव्हापासून माणिकरावांचा एकच हट्ट, कारखान्यातून निघणारी अगदी शेवटची गाडी आपली पाहिजे, म्हणजे तिच्याहून नवी भावकीत कुणाकडे येणारच नाही. आणि ती चालवायची, सांभाळायची सगळी जिम्मेदारी लिंबाजीची. ट्रॅक्टरखाली लोळण्यात उमर गेलेल्या माणसाला याहून मोठं स्वप्न काय असणार?

मग दर शनिवारी तो येऊ लागला. लाईन मिळेपर्यंत बाकड्यावर बसायचा, खिशातली बोरं खिडकीवर ठेवायचा.

"आज लाईन लवकर लावू नका बरं का."

"का हो?"

"बाकडं गार हाय. बरं वाटायलंय."

आणि लाईन लागली की…

"तुमचा आवाज आला की शनिवार आल्यासारखा वाटतो बघा," पद्मजा म्हणायची.

"मग, हरिणी कदी बंद होणार?"

"इतकी घाई? ती बंद झाली की तुमचे फोनही बंद!"

तो खळखळून हसायचा. जोडणी झाली की ऑपरेटरनं कान काढून घ्यायचा असतो. मी काढत नव्हते. अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. तीन मिनिटं झाली, की एक सेकंदही वर जाऊ न देता मी मध्ये बोलायचे, "वेळ संपली!"

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पुण्याहूनच कॉल आला. लिंबाजीच्या नावानं.

"अर्जंट आहे हो," पद्मजा म्हणाली. "कारखान्याचं पत्र आलंय. शेवटची गाडी आमच्याकडे आलीय. गुरुवारपर्यंत त्यांनी यायला हवं. आणि सांगा… मी वाट पाहतेय."

नुसत्या गाडीसाठी मी त्याला बोलवायला माणूस धाडलाही असता. त्याचं स्वतःचं छोटं गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं. पण ते शेवटचं वाक्य!

"पार्टी मिळत नाही," मी म्हणाले.

"मग निरोप तरी—"

"नियम नाही." मी लाईन तोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजपर्यंत गेले. तो शीळ घालत नट आवळत होता. कोणत्या तोंडानं सांगणार? तशीच परत फिरले.

शनिवारी तो बूथमधून बाहेर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं.

"मंगळवारी माझा फोन आलता का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांकडे बघून ते जमेना.

"आला होता. तुम्ही मिळत नाही, असं मीच सांगितलं."

"कामून?"

"तुम्ही तिच्याशी हसता… आणि ती लाईन मी माझ्या हातानं जोडते. मला नाही ऐकवत!"

तो हळू म्हणाला, "गाडी नाशिकला गेली. मालकाचा माझ्यावर लय भरोसा होता."

"तक्रार करा. माझी नोकरी गेली तरी चालेल."

तो निघून गेला.

तक्रार आली नाही. तोही आला नाही. माणिकरावांनी त्याला दारात उभं करायचं बंद केल्याचं कानावर आलं. तीन शनिवार ते बाकडं रिकामं होतं आणि मला जेवण गोड लागेना. केलं तुका अन् झालं माका, अशी माझी गत. जिच्यावर जळले ती पुण्यात सुखात, आणि इकडे मी त्यालाच देशोधडीला लावलं.

चौथ्या शनिवारी तो आला.

"पुणे. पी.पी. पद्मजाबाई." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "त्यांचं पत्र आलंय, वर्कशॉपात नोकरी देतो म्हणायल्यात. आज जवाब द्यायचाय. लाईन मिळंल ना?"

"मिळेल," मी म्हणाले. "आज नक्की मिळेल."

लाईन जोडली आणि कान काढायला हात उचलला. तर बूथच्या काचेतून तो माझ्याकडेच बघत होता. हातानं खूण केली… राहू द्या.

"पद्मजाबाई, तुमचे उपकार लय हायत. पर माझं येणं न्हाई जमायचं."

"का? इथं गाड्या आहेत, पगार आहे… मी आहे."

"हितं एक बाई हाय. तिनं माझी गाडी घालवली."

"मग सोडा की तिला!"

"रागानं सोडूनच बघितलं. करमंना."

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. पहिल्यांदाच मला तिची दया आली. पण लिंबाजीनं फोन ठेवला नव्हता.

"अंबिकाबाई, ऐकायलाव का?"

"हं…"

"तारीख इचारायला पोस्टकार्ड पुरलं असतं. मीच मालकाला म्हणलं, कार्डाचा भरोसा न्हाई, फोनच लावावा लागतो. ह्या खिडकीपाशी बसायला मिळायचं ना!"

मी हेडफोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"आन् एक सांगा. ते परभणी कोण हाय?"

"कोण परभणी?"

"लाईन मागताना लाडानं म्हणता, 'परभणी, ऐका ना…' मला तर कदी 'ऐका ना' म्हणलं न्हाई."

"अहो, तो परभणीचा ऑपरेटर! तिथं रोज वेगळा माणूस असतो."

"म्हंजे रोज नव्या माणसाला?"

मला हसू आवरेना. "जळता की काय?"

"मंग? जळाया तुमाला एकटीलाच येतंय का?"

काचेपलीकडे तो लालबुंद झाला होता, आणि इकडे माझे डोळे भरून आले होते. तारेच्या रांगेतली माणसं आमच्या दोघांकडे टकमक बघत होती.

"ऐका ना…" मी म्हणाले. "उद्या रविवार आहे. वडील घरी असतात. या."

"काय सांगू त्यास्नी? गाडी न्हाई, मालक न्हाई…"

"गॅरेज आहे, हात आहेत. बाकीचं मी सांगते. फक्त तिथं पद्मजाबाईंचं नाव काढलंत, तर चहासुद्धा मिळायचा नाही!"