निवेदनाआधीचा खोकला

नुसतं ऐक हं, मध्ये बोलू नकोस. ती रेडिओवर निवेदिका. सहाला शास्त्रीय गायन, सातला भाषण, साडेसातला नाटक, सगळं तिच्या पाळीत. घरी बाबा एकटे. नजर पार अधू, त्यामुळे त्यांचं सगळं रेडिओवर चालायचं. गाणं संपलं की गोळी, भाषण संपलं की जेवण.

आता गंमत बघ. तिला लवकर निघायचं असलं की निवेदनं आधीच रेकॉर्ड करून ठेवायची. म्हणून बापलेकीची एक खूण ठरलेली. ती खरंच स्टुडिओत असली, तर 'श्रोतेहो'च्या आधी हळूच खोकायची. खोकला नाही, म्हणजे रेकॉर्डिंग, म्हणजे लेक घरी येतेय.

तर त्या दिवशी साहेब वैतागले. "अहो बाई, श्रोत्यांना काढा पाजायचाय का? आज खोकायचं नाही!"

नाही खोकली. गाणं झालं, भाषण सुरू झालं आणि स्टुडिओतल्या फोनचा दिवा लुकलुकला. बाबा.

"तिथे कोण बोलतंय? माझी लेक इथे दारात उभी आहे. किल्ली विसरले म्हणते."

"बाबा, मी इथेच आहे! दार उघडू नका."

"मग खोकली का नाहीस?"

ती फोनवरच खोकली. पलीकडे लांबून, लाकडी दाराआडून आल्यासारखा, अगदी तसाच खोकला.

बाबा हसले. "फोनवर काय, कुणीही खोकेल. पोरगी ताटकळलीये बाहेर."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. काठीची टकटक. कडी.

ती उठलीच. तंत्रज्ञाला म्हणाली, "भाषणानंतर थेट नाटक लाव, ते संपलं की नुसती सतार. निवेदन नको."

"अगं, पण साहेब..."

"साहेब गेले खड्ड्यात!"

धावतपळत घर गाठलं. दार आतून बंद. आत रेडिओवर नाटक चाललेलं. ताटात चमचा वाजत होता. दुसऱ्या ताटातही.

तिने दार वाजवलं. चमचे थांबले.

तेवढ्यात नाटक संपलं.

रेडिओवर कुणीतरी हळूच खोकलं. मग तिचाच आवाज. "श्रोतेहो..."

आत बाबा पुटपुटले, "अरेच्चा, लेक तर स्टुडिओत आहे. मग दारात कोण?" जरा वेळाने आणखी हळू, "आणि तू गं?"

"तुम्ही जेवा बाबा. मी बघते."

पावलं दाराशी आली. थांबली. कडी मात्र निघाली नाही. फटीतून श्वास ऐकू येत होता, दाराला कान लावून कुणीतरी उभं होतं. तिच्याच उंचीचं.

आणि नेमका तेव्हाच तिच्या घशात खोकला दाटून आला.

सांग ना, तू काय केलं असतंस?