लाल पट्टीचे उंदीर

उंदरांच्या खोलीत पाऊल टाकताच कंपाउंडर भाऊजींनी नाकाला रुमाल लावला. त्यांच्या वहिनी मात्र पिंजरे न्याहाळत राहिल्या. वकिली सोडून खासगी तपास करणाऱ्या बाईला वासाचं काय!

आदल्या दिवशी एक बाई वहिनींकडे रडत आली होती. छपरावरून पडून तिच्या धाकट्या भावाचे पाय गेले. या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी त्याच्या मणक्यात नवं औषध टोचलं, आणि शाबूत होते ते हातही गेले. "त्याच औषधानं उंदीर चालले म्हणे. मग माझ्या भावाचं असं का झालं?"

प्रमुखांचं बोलणं म्हणजे साखरेचा पाकच. "मज्जारज्जू तुटला की जखमेवर व्रण धरतो. त्यातली द्रव्यं नव्या मज्जातंतूंची वाट अडवतात. आमचं औषध तो बांध विरघळवतं. आठव्या दिवशी सोडत काढून निम्मे उंदीर निवडले आणि तेवढ्यांनाच टोचलं."

"उंदरांचा मज्जारज्जू कोणी कापला?" वहिनींनी विचारलं.

"सहायकानं. मी सुरीला हात लावत नाही."

सहायक खाली बघत म्हणाला, "टाके सगळ्यांना मीच घातले."

पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी मोकळ्या स्वभावाच्या. "कापलेल्या उंदराला लघवी होत नाही हो. सकाळ-संध्याकाळ पोट दाबून काढावी लागते. लाल पट्टीवाले तेवढे गुणी! पहिल्या दिवसापासून भुसा ओला."

"लाल पट्टी कसली?"

"औषधवाल्यांची. चिरफाडीच्या आधीच साहेबांनी पिंजऱ्यांना चिकटवली."

"वहिनी, उंदरांचं मूत काय उगाळत बसायचं?" भाऊजी पुटपुटले.

वहिनींनी सगळ्यांना तिथेच जमवलं. रुग्णाच्या बहिणीलाही बोलावलं.

"औषध आठव्या दिवशी दिलं, पण लघवी पहिल्या दिवसापासून होत होती. म्हणजे लाल पट्टीवाल्यांचा मज्जारज्जू कापलाच नव्हता. सोडत आठव्या दिवशी निघाली असती, तर कोणाला सोडायचं हे सुरीवाल्याला आधी कसं कळलं? पट्टीवरून. आणि पट्टी लावली साहेबांनी."

सहायकाचा बांध फुटला. "साहेब म्हणाले, त्यांची नुसती कातडी चिरून शिव."

प्रमुखांनी शांतपणे चष्मा पुसला. "औषध आज ना उद्या लागू पडणारच होतं. थोडी घाई झाली, इतकंच."

भाऊजींनी उभा जन्म डॉक्टरांच्या हाताखाली काढलेला, पण या माणसाला 'डॉक्टर' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

बहीण उठली. "घरी चला. माझ्या भावाच्या नाकावर माशी बसली, तर हाकलायला दुसरं माणूस लागतं. त्याच्यासमोर उभं राहून सांगा, थोडी घाई झाली."

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "मला एक बैठक आहे."

भाऊजी दार अडवून उभे राहिले. "वहिनी, पोलिसांना फोन लावा."