बायकांच्या बाजूचा पडदा

सत्त्याण्णव साली मी इतके पिक्चर पाहिले की आमचं अख्खं शेणवा गाव मला हसायचं. शहापूरची टॉकीज, आसनगावचा गणपतीचा मांडव, लग्नघरचा व्हिडिओ, काही म्हणून सोडलं नाही. बर्फात पातळ साड्या नेसून नाचणाऱ्या बाया, जत्रेत हरवलेले भाऊ... आज विचाराल तर एकाचीही धड गोष्ट सांगता यायची नाही. म्हशाच्या जत्रेतला तंबू तेवढा जात नाही डोळ्यांपुढून.

तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढे पुरुष, मागे बायका. आम्हाला सगळं उलटं दिसायचं. हिरो डाव्या हाताने जेवायचा, आणि मी मेली कित्येक वर्षं समजत होते की मुंबईकडे तशीच रीत असेल!

त्या सालच्या जत्रेत दिवेलागणीच्या खेळाला रंजितावहिनीला ओढूनच नेलं. तिचा नवरा, म्हणजे माझा ज्ञानूदादा, कसाऱ्याला हायवेच्या कामाला गेला तो परतलाच नव्हता. जत्रा झाली की गवताचा पुतळा जाळून त्याची क्रिया उरकायची, असं बाबांनी ठरवलं होतं. मग वहिनीचं कुंकू पुसलं जाणार. ती एकच म्हणायची, "ते हायेत."

पिक्चरमध्ये बाजाराचा सीन आला. वहिनीने माझं मनगट धरलं.

"काशी... ते बघ गो..."

गर्दीत दादा उभा होता. देवाशपथ सांगते, दादाच! बाकीची माणसं ये-जा करत होती. तो एकटा हलत नव्हता, आमच्याकडेच बघत होता.

मी कनातीखालून वाकून पुरुषांच्या बाजूला गेले. बाबा घोंगडीवर ताठ बसले होते.

"बाबा, दादा..."

"बघतोय," ते हळूच म्हणाले. "पन तोंड का फिरवत नाय गो तो?"

मी पडद्याकडे पाहिलं. या बाजूने दादा पाठमोरा होता.

धावत परत आले. इकडे तोंड. पिक्चरचा आवाज थांबला होता, बाहेर जनरेटर तेवढा धडधडत होता. शेजारच्या बाया शेंगदाणे खात होत्या, जणू काही झालंच नाही. सीन काही केल्या संपेना.

वहिनी उभी राहिली. "अहो... जिवंत हाव ना?"

दादाने सावकाश मान डोलावली. होकार. मी पाहिलाय तो. मग एकदम मारामारी सुरू झाली, आणि दादा नव्हता.

बाहेर वहिनी रडत हसत होती. "हो म्हनले! बाबा, हो म्हनले!"

बाबा घोंगड्यांच्या दुकानापाशी मटकन खाली बसले.

"मीबी तेच इचारलं, पोरी... मनातल्या मनात. त्यानं मान हलवली. नाय म्हनला."

दुसऱ्या दिवशी तोच खेळ पाहिला. बाजार आला नि गेला, दादा नव्हता. मग वर्षभर वहिनीला घेऊन पडद्यामागून पडदे हिंडले, ते एवढ्याचसाठी. हसणाऱ्यांना काय सांगणार, कपाळ?

पुतळा जाळला नाही. वहिनीचं कुंकू राहिलं. पण बाबांच्या मनातून तो नकारही गेला नाही. दर सर्वपित्रीला ते दादाच्या नावाचं पान कौलांवर ठेवतात. कावळा लगेच शिवतो, आणि बाबा डोळे पुसतात.

त्याच वेळी आत वहिनी दादाचं ताट वाढते. मी स्वतः दारात उभी असते, आत कोणी जात नाही. तरी थोड्या वेळाने बघावं, तर भात कालवलेला असतो.